अर्धा सेकंद आणि दीड तास

हिंजवडी पुण्यात नाही. हे वाक्य वाचून न्यू जर्सीतला एखादा क्लायंट दचकेल, कारण त्याच्याकडच्या करारावर ‘पुणे’ असंच छापलेलं असतं. पण सातबारा क्लायंटला भीत नाही. त्यावर स्वच्छ लिहिलेलं आहे: तालुका मुळशी. तहसील कचेरी पौडला. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत त्या हिंजवडी आणि माण या गावांच्या शिवारात. जगातल्या बड्या बँकांचा हिशेब क्लाउडवर चढवणारे इंजिनिअर इथे ज्या घरांत भाड्याने राहतात, त्या घरांची घरपट्टी ग्रामपंचायतीत भरली जाते.

एमआयडीसीने या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवलं. फेज एक, फेज दोन, फेज तीन. फेजचा आकडा वाढेल तशी संध्याकाळच्या चहावरची चर्चा खोल होत जाते. याचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. फेज तीनमधून लवकर निघून काही उपयोग नसतो, एवढंच.

चर्चा अर्थातच तंत्रज्ञानाची. टपरीवर माणूस उभा राहिला की आधी कुठली तरी अमेरिकन कंपनी बुडवतो आणि मग कटिंग मागवतो. प्रत्येक टपरीवर एक आर्किटेक्ट असतो. त्याने काय बांधलं हे कुणी पाहिलेलं नसतं, पण इतरांनी काय बांधायला नको होतं हे त्याला तोंडपाठ असतं. एक फ्रेशर असतो. त्याला अजून प्रोजेक्ट मिळालेला नसतो, तो बेंचवर असतो, आणि म्हणून सगळ्या बातम्या सर्वांत आधी त्यालाच कळलेल्या असतात. आणि एक कोबोलकाका असतात.

कोबोलकाका १९९९ मध्ये तारखांमधलं दोन आकडी वर्ष चार आकडी करत होते. १ जानेवारी २००० ला जग कोसळणार होतं, ते कोसळलं नाही. ‘उगाच घाबरवलं होतं सगळ्यांनी,’ असं म्हणून जग कामाला लागलं. काकांच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं दुःख आहे. बिघडलं असतं तर दुरुस्त करणाऱ्यांचा सत्कार झाला असता. बिघडू दिलं नाही, तर दाखवायला हातात काहीच उरत नाही. त्यामुळे काका तेव्हापासून दर नव्या तंत्रज्ञानाला ‘बघू’ एवढंच म्हणतात. या ‘बघू’पुढे आर्किटेक्टची चाळीस स्लाइडची मांडणी लुळी पडते.

काकांच्या हातात दुसरा हुकमाचा पत्ता आहे तो परमचा. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. ‘तीन वर्षांत!’ काका तीन बोटं वर करतात. फ्रेशर नम्रपणे सांगतो की काका, त्या परमपेक्षा माझा फोन फास्ट आहे. हे खरंच आहे. पण काका जागचे हलत नाहीत. ‘असेल,’ ते म्हणतात, ‘पण परमवर कुणी रील बघत नव्हतं.’

काही वाद इथे वारशाने आलेले आहेत. व्हीआय आणि ईमॅक्स हे दोन एडिटर १९७६ मध्ये आकाराला आले आणि त्यांतला श्रेष्ठ कोणता हे भांडण तेव्हापासून चालू आहे. टपरीवरच्या निम्म्याअधिक मंडळींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण पानिपतावर हजर नसलेल्या माणसांनी पुण्यात अडीचशे वर्षं पानिपतावर वाद घातलाच आहे की. व्हीआयचा वंशज जो व्हिम, त्यातून बाहेर कसं पडायचं या प्रश्नाचं उत्तर २०१७ पर्यंत जगभरात दहा लाखांहून अधिक वेळा पाहिलं गेलं होतं, असं स्टॅक ओव्हरफ्लोने तेव्हा जाहीर केलं होतं. त्या प्रश्नाला निदान उत्तर तरी आहे. संध्याकाळी साडेसहाला फेज तीनमधून बाहेर कसं पडायचं, याचं उत्तर तिथे सापडत नाही.

ज्या बातमीवर टपरी अजूनही भावुक होते ती २०२४ च्या मार्चअखेरची. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर. त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या संगणकात शिरायला जिथे ०.३ सेकंद लागायचे तिथे आता ०.८ लागतायत. दुसऱ्या कुणी चहा पिऊन येतो म्हटलं असतं. हा पठ्ठ्या खणत गेला. खणता खणता एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका निरुपद्रवी सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी बसवलेला चोरदरवाजा त्याला सापडला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या चोराने दोन वर्षांहून अधिक काळ तिथे मन लावून फुकट काम केलं होतं आणि ते सॉफ्टवेअर एकट्याने सांभाळून थकलेल्या माणसाचा विश्वास कमावला होता. इतका कामसू चोर आपल्या टीममध्ये असता तर, असा विचार टपरीवरच्या एका मॅनेजरच्या चेहऱ्यावर तरळून गेला होता म्हणतात.

तर तो अर्धा सेकंद. त्याचं वर्णन करताना आर्किटेक्टचा आवाज कापरा होतो. ‘ह्याला म्हणतात नजर! अर्धा सेकंद खटकला त्याला!’ त्याच सकाळी वाकडच्या पुलापासून कंपनीच्या गेटपर्यंत यायला आर्किटेक्टला दीड तास लागलेला असतो. तो त्याला खटकलेला नसतो. म्हणजे चिडचिड होते, पण हा दीड तास बग या सदरात मोडत नाही. ते एन्व्हायर्नमेंट आहे.

अकरा ओळींची कथाही अशीच लाडकी. २०१६ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रॅमरचं ‘किक’ या नावावरून एका कंपनीशी वाजलं आणि त्याने चिडून एनपीएमच्या भांडारातून आपलं सगळं सामान उचललं. त्या सामानात ‘लेफ्टपॅड’ नावाचा अकरा ओळींचा तुकडा होता. त्याचं काम काय, तर मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरायची. तो तुकडा वापरणारं दुसरं सॉफ्टवेअर, ते वापरणारं तिसरं, अशी साखळी एवढी लांब होती की जगभरचे प्रकल्प धडाधड अडकले. शेवटी एनपीएमने त्या अकरा ओळी स्वतःच परत जागेवर ठेवल्या. फ्रेशरला ही गोष्ट अविश्वसनीय वाटते. वास्तविक रोज सकाळी शिवाजी चौकात एक टेम्पो बंद पडला की मागे कुठवर काय काय अडकतं हे तो बसच्या खिडकीतून बघत असतो. शिवाय डाव्या बाजूची मोकळी जागा भरायला हिंजवडीत अकरा ओळी लागत नाहीत. दुचाकी पुरते.

मग क्राउडस्ट्राइक. १९ जुलै २०२४, शुक्रवार. सुरक्षेसाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. विमानतळ खोळंबले. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. शुक्रवारी नवं काही चढवायचं नाही हे या धंद्यातलं कडक व्रत, आणि ते मोडल्यावर काय होतं हे श्रावणाआधीच कळल्याने टपरीवर शुक्रवारची नवी कहाणी तयार झाली. कोबोलकाकांनी हस्तलिखित बोर्डिंग पासचा फोटो फोनवर जपून ठेवलेला आहे. एआयचा विषय निघाला की ते तो काढून दाखवतात आणि काही बोलत नाहीत.

याचा अर्थ मंडळी रस्त्याबद्दल बोलतच नाहीत असा नव्हे. बोलतात, आणि फार वरच्या पातळीवर बोलतात. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडला तर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, कारण प्रत्येक जण आपापल्या सोयीचा मार्ग निवडतो. हे प्रमेय हिंजवडीतल्या प्रत्येक इंजिनिअरला ठाऊक आहे आणि प्रत्येकाला ते स्वतः सोडून बाकीच्यांना लागू आहे असं वाटतं. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं नवं पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि शिवाजी चौकाच्या परिसरात एकेरी, गोल फिरणारी वाहतूक लागू झाली. सिग्नलवर थांबायचं नाही, वळसा घालून पुढे जायचं. वेळ वाचला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आर्किटेक्ट त्याला पहिल्या दिवसापासून ‘इन्फिनिट लूप’ म्हणतो आणि त्यातून बाहेर पडण्याची अट नीट लिहिली नव्हती असं त्याचं मत आहे.

२०२५ च्या जूनमध्ये तर क्लाउड प्रत्यक्ष खाली आला. रस्त्यांवर पाणी साचलं, आयटी पार्कचं वॉटर पार्क झाल्याचे व्हिडिओ फिरले, ‘अनक्लॉग हिंजवडी आयटी पार्क’ नावाची सह्यांची ऑनलाइन मोहीम निघाली. जुलैत वरिष्ठ मंत्र्यांचा पाहणी दौरा झाला, तो भल्या सकाळी सहाच्या सुमारास. यावर टपरीचा अभिप्राय एकमुखी होता, जे क्वचित घडतं: बग पुनरुत्पादित करायचा तर लोड असताना करावा. सकाळी सहाला तर सगळ्यांचंच सॉफ्टवेअर चालतं.

मेट्रोबद्दलही मत आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर, सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानकं, पायाभरणी १८ डिसेंबर २०१८. त्यानंतर मुदती पुढे सरकत गेल्या. कोबोलकाका पुन्हा तीन बोटं वर करतात. आर्किटेक्ट फ्रेड ब्रूक्सचा १९७५ चा नियम ऐकवतो: उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसं लावली की तो आणखी उशिरा होतो. आपल्या स्वतःच्या प्रकल्पावर गेल्या महिन्यात सहा माणसं वाढवली आहेत, हे तो त्या क्षणी विसरलेला असतो.

मग जगाचा अर्धा सेकंद दिसतो आणि घरचा दीड तास का दिसत नाही? यात कुणी बेपर्वा आहे असं नाही. कारण अगदी तांत्रिक आहे. लेफ्टपॅडला लेखक होता. एक्सझेडमधल्या चोरदरवाजाची ओळ सापडत होती. संगणकवाल्यांकडे ‘गिट ब्लेम’ नावाची एक अत्यंत समाधान देणारी आज्ञा असते. ती दिली की कुठली ओळ कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिली हे समोर येतं. पोटभर दोष देता येतो आणि मग दुरुस्तीही होते. खड्ड्याला गिट ब्लेम चालत नाही. गाव ग्रामपंचायतीचं. पार्क एमआयडीसीचं. मेट्रो पीएमआरडीएची. वाहतूक पिंपरी-चिंचवड पोलिसांची. महामार्ग केंद्राचा. महामार्ग ओलांडून वाकडला पोचलं की महापालिका सुरू. तक्रारीचं तिकीट एकीकडे उघडावं, तर ‘संबंधित टीमकडे वर्ग केलं’ असा शेरा येतो. हा शेरा इंजिनिअर दिवसातून चार वेळा स्वतः दुसऱ्याला देत असल्याने त्याला त्याचा खरा अर्थ समजतो आणि तो गप्प बसतो.

तशी या मुळशी तालुक्याला दूरच्या गिऱ्हाइकासाठी राबण्याची सवय जुनी आहे. टाटांच्या मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवलं जातं, तिथे वीज होते, आणि ती आधीपासून मुंबईच्या कामी आली. पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला निघालेली मुळा अशी पश्चिमेला वळवली गेली. साधनसामग्री मुळशीत, क्लायंट बाहेरगावी: या व्यवस्थेला पुढे ऑफशोअर डिलिव्हरी असं नाव मिळालं. फरक इतकाच की शंभर वर्षांपूर्वी मुळशीकरांनी तिला हरकत घेतली होती. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, माणसं तुरुंगात गेली, आणि शेवटी गावं पाण्याखाली गेलीच. ती गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. पण हिंजवडीत नोकरीला आलेल्या शंभर जणांना विचारलं तर धरण त्यांना भजी आणि पावसाळी सहलीसाठी माहीत असतं.

ती सत्याग्रहाची गोष्ट माहीत असलेला एक माणूस टपरीवर रोज असतो. तो माणमधला घरमालक. पांढरा शुभ्र शर्ट, हातात दोन फोन. इंजिनिअर मंडळींच्या चर्चेत तो कधी बोलत नाही, म्हणून त्याला काही कळत नाही असा त्यांचा समज आहे. प्रत्यक्षात तंत्रज्ञानाच्या बातम्या त्याच्याइतक्या बारकाईने कुणीच वाचत नाही. २०२० मध्ये सगळे लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी पसार झाले, तेव्हा ‘वर्क फ्रॉम होम’ या शब्दाचा पूर्ण अर्थ त्यालाच पहिल्यांदा कळला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, त्यावर फ्रेशर रडकुंडीला आला आणि मालकाने वरचा मजला चढवायला घेतला. पोरं जायची थांबली म्हणजे राहणार कुठं? त्याच वर्षीच्या जुलैत टीसीएसने जगभरातल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा मात्र त्याने टाइल्सची ऑर्डर थांबवली होती.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या पोथीत १९९४ चं ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक मानाचं. चार लेखक, म्हणून त्यांना ‘गँग ऑफ फोर’ म्हणतात, आणि २३ पॅटर्न. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा २०१८ मध्ये आला, तेव्हा हा चोविसावा, असा विनोद फेज दोनमध्ये बरेच दिवस चालला. घरमालकाला तो विनोद कळला होता, पण तो हसला नव्हता. जमीन विकून आलेला पैसा उडून गेला की घराचं काय होतं, हे त्याने सिनेमा येण्याच्या किती तरी आधी शेजारच्या आळीत पाहिलं होतं. त्याने स्वतः सगळी विकली नाही. थोडी ठेवली, तीवर चार मजले चढवले आणि आता तो आर्किटेक्टचा मालक आहे. बांधलेलं दाखवता येतं असा टपरीवर तो एकटाच.

परवा एआयचा विषय रंगला होता. आर्किटेक्टचं म्हणणं असं की दोन वर्षांत कोड लिहायला माणूस लागणार नाही. फ्रेशरने दहा मिनिटांत एआयकडून एक अ‍ॅप लिहून घेतलं होतं आणि ते का चालत नाही हे शोधण्यात त्याचे तीन दिवस गेले होते, त्यामुळे त्याचं मत जरा सौम्य होतं. काका म्हणाले, ‘बघू.’ तेव्हा मालकाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

‘सर, एक विचारू का? हे एआय भाड्यानं राहतं का कुठं?’

सगळे हसले. आर्किटेक्टने मोठ्या सहनशीलतेने समजावलं की मालक, एआय म्हणजे माणूस नव्हे. ते डेटा सेंटरमध्ये असतं. मोठमोठ्या शेडमध्ये हजारो यंत्रं.

‘शेड म्हंजे जागा लागतीच की,’ मालक म्हणाला. ‘मायक्रोसॉफ्टनं हितंच हिंजवडीत सोळा एकर घेतली, २०२४ मधी. पाचशे वीस कोटीला. ते त्याच्यासाठीच ना?’

आर्किटेक्टला ही बातमी माहीत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या सगळ्या घोषणा तो वाचतो, पण ही खरेदीखतातून बाहेर आलेली होती आणि ती कागदपत्रं वाचायची सवय मालकाला आहे. फ्रेशरने फोनवर शोधून पाहिलं आणि मान डोलावली. टपरीवर क्षणभर सत्तांतर झालं.

‘मग किती पोरं लागतील तिथं कामाला?’ मालकाने पुढचा प्रश्न टाकला.

‘फार नाही,’ आर्किटेक्ट म्हणाला. ‘यंत्रंच जास्त. वीज प्रचंड लागते. आणि तापतात ती, म्हणून गार ठेवायला पाणी लागतं.’

‘वीज आन् पाणी,’ मालक म्हणाला. ‘म्हंजे पुन्हा मुळशीच.’

इतका वेळ दूध ढवळत असलेल्या टपरीवाल्याने मान वर केली. ‘म्हणजे गार पाणी आत जाणार आणि गरम पाणी बाहेर येणार?’

‘साधारण तसंच.’

‘किती गरम?’

आर्किटेक्टचे डोळे चमकले. त्याने खिशातून पेन काढलं, काउंटरवरचा पेपर उलटा केला आणि त्यावर एक चौकोन काढून त्यातून टपरीपर्यंत बाण ओढला. काकांनी उकळीचा प्रश्न काढला, तेवढं तापमान येणार नाही म्हणाले. फ्रेशर म्हणाला, शेवटचे वीस अंश गॅसवर घेऊ, तरी सिलिंडर निम्मा वाचेल. पाइप कुणाच्या हद्दीतून जाणार यावर मालकाने सांगितलं की पहिले दोनशे फूट आपलेच आहेत, पुढचं ग्रामपंचायतीत बघू. टपरीवाल्याने चौघांपुढे चार कटिंग ठेवले आणि मागच्या आठवड्याची उधारी आधी क्लिअर करा, मग पाइप टाका, असं सांगून टाकलं.